उघड्या खिडकीवाल्याचा मिरज-प्रवास

सांगलीहून पाचगणीला माणसे हवा खायला जातात. आम्हीही गेलो. पण सहाव्या दिवशी तिथून उलटे मिरजेला निघालो, ते पाचशे वर्षांच्या एका स्पॅनिश बाईचे दोन भाग गोधडीत गुंडाळून. घरी आल्यापासून ही हकीकत मी पंगतीत इतक्यांदा सांगितली आहे आणि आमच्या कुटुंबाने ती इतक्यांदा मधेच दुरुस्त केली आहे, की आता लिहूनच टाकावी म्हटले. लिहिताना निदान मधे कोणी बोलत नाही.

पाचगणी

लढाई संपून वर्ष होऊन गेले होते, पण साखर आणि रॉकेल अजून कार्डावरच मिळत होते. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. कुटुंबाच्या खोकल्याला डॉक्टरांनी पंधरा दिवस पाचगणीची हवा सांगितली. मी आमच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. माझे तास बुडाले तर शाळेत कोणाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे रजा चटकन मिळाली.

आम्ही उतरलो ते एका मिसबाईंच्या बंगल्यात, मागच्या दोन खोल्यांत. मिसबाईंचे वडील स्पेनचे, व्यापारासाठी मुंबईला आलेले. बाईंनी स्वतः तीस वर्षे मुलींच्या शाळेत शिवण शिकवले आणि आता सत्तरीत त्या बंगल्यात राहत होत्या. मी वाटेत मोटारीत जुळवून ठेवलेले इंग्रजी वाक्य त्यांच्यापुढे मांडले, की आपल्या भेटीने मला अतिशय आनंद होत आहे. बाई म्हणाल्या, "आवं मास्तर, आत या की. उनात कशापायी उभं ऱ्हायलाय?"

मी उडालोच. पण मागून त्यांची स्वयंपाकीण हौसाबाई बाहेर आली आणि उलगडा झाला. हौसाबाई म्हसवडकडची. तीस वर्षे तिने मिसबाईंना बाजरीची भाकरी खाऊ घातली, आणि भाकरीबरोबर मराठीही तिथलीच. गोरीपान, निळ्या डोळ्यांची, झग्यातली म्हातारी "लय ग्वाड झालंय गं माडगं" म्हणत हुलग्याचे माडगे पिताना पाहिली, की आपण नक्की कोणत्या देशात आलो आहोत असे वाटायचे.

दिवाणखान्यात पियानोच्या वर ते चित्र होते. दोन हात उंच, दीड हात रुंद, लाकडी फळीवर काढलेले. एक बाई पुस्तक वाचत बसली आहे. डोक्यामागे सोनेरी चकती, म्हणजे कोणी संतीण असणार. तिचा लाल झगा जमिनीवर पसरलेला, आणि त्याच्या घड्या कागद चुरगळून ठेवल्यासारख्या कडक, टोकदार. काठाची जर दोरा न् दोरा मोजावी अशी. उजवीकडे भिंतीत उघडी खिडकी, बाईच्या शेजारी पितळी तांब्या, आणि तांब्याच्या पोटावर त्या खिडकीचे तांदळाएवढे प्रतिबिंब! मी चष्मा पुसून तीनदा पाहिले. वीस वर्षे मी मुलांना तांब्या काढायला शिकवतो आहे. माझ्या तांब्यात कधी खिडकी दिसली नाही.

"कोणी काढलं हे?" मी विचारले.

"त्येचं नाव कुनालाच ठावं न्हाई," मिसबाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितले. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात उत्तरेला फ्लँडर्स नावाच्या पावसाळी मुलखात चितारी तेलात रंग कालवून, पातळ थरावर थर चढवून अशी बारीक कामे करीत. ती चित्रे व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून स्पेनात आली. तिथल्या चिताऱ्यांनी ती पाहिली आणि हातातले टाकून तसे काढू लागले. हा त्यांतलाच एक. याची अशी चार-पाच चित्रे तिकडे देवळांत आहेत म्हणे, सही एकावरही नाही. पण प्रत्येकात एक खिडकी उघडी असते, म्हणून जाणकार लोक त्याला 'उघड्या खिडकीवाला' म्हणतात.

"म्हणजे नक्कलच की," मी मास्तरी आवाजात म्हणालो.

"नक्कल कशी? कापाड तिकडचं हाय, नाक हितलं हाय." बाईंनी बोट दाखवले. संतिणीचे नाक खरेच दणकट, शेतकऱ्याच्या बायकोचे होते. "आनि खिडकीभायेर बगा. फ्लँडरवालं तितं हिरवंगार रान काढत्यात, नदी काढत्यात. ह्येनं काय काढलं?"

खिडकीबाहेर उघडीबोडकी पिवळी टेकडी होती. एक माणूस गाढवावर ओझे लादून ती चढत होता.

"ह्यो आमचा माणदेश हाय," हौसाबाई मागून म्हणाली. "मी पैल्या दिसालाच वळाकला."

दोन दिवसांनी मिसबाई डोळे दाखवायला पुण्याला गेल्या. पुढच्या मंगळवारी परत येणार होत्या. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "मास्तर, बापाच्या घरचं येवडंच ऱ्हायलंय बगा. बाकी समदं तिकडल्या लढाईत जळालं. जरा ध्यान ठिवा."

मी ध्यान ठेवले. ठेवले नसते तर बरे झाले असते.

तिथलाच बुधवार

पाचगणीचा पावसाळा म्हणजे चार महिने घर पाण्यात बुडवून काढल्यासारखे. बुधवारी मी चित्र सहज भिंतीपासून पुढे ओढून मागे डोकावलो, तर फळीच्या पाठीवर पांढरी बुरशी! आता आमच्याकडे सांगलीत पावसाळा सरला, आश्विनातले ऊन पडले, की घरातल्या हरेक वस्तूला ऊन दाखवायचे. गाद्या, गोधड्या, डाळी, लोणच्याच्या बरण्या, पोथ्या. आमच्या आईने तर एकदा वडिलांचा हार्मोनियमसुद्धा वाळत घातला होता. कुटुंबाने त्या दिवशी व्हरांड्यात गोधड्या पसरल्याच होत्या. मी चित्र उतरवले, उजेडाने रंग उडू नयेत म्हणून तोंड खाली केले (केवढी ही अक्कल!) आणि गोधड्यांच्या रांगेत निजवले.

"घटकाभर ठेवा आणि आत घ्या," कुटुंब म्हणाले.

"मला शिकवू नको. मी चित्रकलेच्या दोन परीक्षा दिलेला माणूस आहे."

आणि वेताच्या खुर्चीत बसून राखणीला म्हणून वर्तमानपत्र उघडले. वर्तमानपत्र उघडल्यावर माझे डोळे मिटतात, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. ऊन डोक्यावर येऊन कलले असेल. कोणी सुपारी फोडावी तसा आवाज झाला. टक्!

मी डोळे उघडले तेव्हा हौसाबाई चित्रावर वाकली होती. तिने ते हलकेच उलटे केले आणि तोंडावर पदर घेतला. "आरं द्येवा! बाई येकीकडं न् खिडकी येकीकडं!"

वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. डावीकडे संतीण, तांब्या आणि पुस्तक. उजवीकडे खिडकी, टेकडी आणि गाढव. दोन्ही फळ्यांनी उन्हात पोक काढले होते. खिडकीच्या चौकटीचा नखाएवढा रंग सुटून गोधडीवर पडला होता. कुटुंबाने तो अलगद उचलून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला. मी परत खुर्चीत बसलो.

"खिळे मारून घेऊ," मी म्हणालो. हौसाबाईने कपाळावर हात मारला.

"नाहीतर मीच फटीत मेण भरतो आणि वरून जरासा रंग..."

"तुम्ही ब्रशला हात लावायचा नाही," कुटुंब म्हणाले. इतक्या शांत आवाजात, की मी मानच डोलावली. मग तीच म्हणाली, "आमच्या दादांच्या तंबोऱ्याची तबली, भोपळ्यावरची फळी, अशीच सुटली होती. मिरजेच्या इमामभाईंनी जोडली. कुठे जोडली ते दादांना शेवटपर्यंत सापडलं नाही."

तिचे माहेर मिरजेचे. एरवी ती माहेरची गोष्ट काढते तेव्हा मला बोलावेसे वाटते. त्या दिवशी वाटले नाही.

हौसाबाईने स्वतःची जाड गोधडी आणून दिली, भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि मला म्हणाली, "मास्तर, मंगळवारच्या आत आना. माजी बाई आल्या आल्या आदी हितंच बगती, मग चपला काडती."

वाठारकडे

पाचगणीची मोटार पेट्रोलच्या टंचाईपायी अजून कोळशाच्या गॅसवर चालत होती. मागे एक काळी शेगडी, तिच्यात कोळसा, आणि अंगात दम्याच्या रोग्याएवढी ताकद. उतार असल्याने जाताना अडचण नव्हती. अडचण होती ती कंडक्टरची.

"दाराची फळी वर टपावर टाका."

"ही दाराची फळी नाही. आत देव आहे," मी म्हणालो. एका अर्थी खोटे नव्हते.

"कुठला देव?"

"परदेशी," कुटुंबाने सांगितले. कंडक्टरने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि मागचे बाकडे दिले.

पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणाला मी गोधडीला मिठी मारत होतो. एरवी या घाटातून खाली वाईकडे पाहावे, कृष्णा पाहावी, देवळांचे कळस पाहावेत. मी सगळा वेळ हौसाबाईच्या गोधडीवरचे एक ठिगळ पाहिले. हिरवे होते, त्यावर पांढरे ठिपके.

वाठार स्टेशनावर मिरजेची गाडी खच्चून भरलेली आली. दारातच एक मिशाळ हवालदार वळकटीवर बसला होता, कोरेगावकडचा, इटलीतून परतून पलटणीतून मोकळा झालेला. त्याने विचारले आणि मी, कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हते म्हणून, सगळे सांगून टाकले. तो हसला नाही. त्याने गोधडीचे एक टोक उचलून आत पाहिले.

"असली चितरं आमी लय बगितली, आवं. तिकडं देवळात मुक्काम पडायचा. छप्पर उडालेलं असायचं आनि भितीवर ही अशी बाई निवांत वाचत बसलेली. पाद्र्याला इचारलं कुनी काडली, तर त्यो बी म्हनायचा, ठावं न्हाई." मग डब्याकडे वळून तो गरजला, "ए गड्या, कोपर आवर! हितं बाई बसल्यात!"

डबा दचकून बाजूला सरला. कोरेगावला उतरताना त्याने स्वतःची वळकटी आमच्या फळ्यांना टेकू म्हणून देऊ केली. मी नको म्हटले, तर म्हणाला, "घ्या वो. मी आता घरी निगालोय. मला अंथरून हाय." ती वळकटी अजून आमच्या घरी आहे. नाव-गाव विचारायचे राहिलेच.

मिरज

मिरजेला तंतुवाद्ये करणाऱ्यांची गल्लीच आहे. इमामभाईंच्या दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर भुसा, कोपऱ्यात गळा नसलेले तंबोरे भिंतीला टेकून बसलेले. इमामभाई साठीचे, बारीक, कानात अत्तराचा फाया. त्यांनी कुटुंबाला ओळखले. "दादांची मुलगी ना तू? बस बेटा." मला ओळखण्याचे कारण नव्हते.

गोधडी सोडली. चित्राकडे त्यांनी बघितलेच नाही. फळी उचलून कानाशी धरली आणि बोटाच्या पेराने वाजवली. वरून खालपर्यंत, टक्, टक्, टक्. मग दुसरी. माझा जीव त्या बोटाबरोबर खालीवर होत होता.

"कोण म्हणाला मोडली?"

मी हात वर केला. वर्गात मुले करतात तसा.

"मास्तर, लाकूड फाटलं नाही. सांधा सुटलाय. ही पहिल्यापासूनच दोन लाकडं होती. कुणीतरी जोडली होती." त्यांनी कड माझ्या डोळ्यांपुढे धरली. रंधा मारलेली, साफ. तिच्यावर तपकिरी पापुद्रा होता. "हा लाकूड चिकटवायचा सरस. मेलेला आहे, पंचवीस-तीस वर्षं झाली असतील मरून. मागं ताग चिकटवलाय बघा, तेवढ्यावर तगून होती बिचारी. तुम्ही उन्हात नसती घातली तर आणखी दोन वर्षांनी भिंतीवरून पडली असती. दगडी फरशी होती का खाली?"

"होती."

"मग तुकडे झाले असते."

मी मटकन भुशात बसलो. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. कुटुंबाने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण तोंडाने ती म्हणाली, "म्हणून काही शहाणपणा ठरत नाही हं तो."

इमामभाई लगेच जोडतील असे मला वाटले होते. त्यांनी मान हलवली. "लाकूड तहानलंय. तोंडाला पाणी लावायचं नाही, हवेतनं पाजायचं." मागच्या कोंदट खोलीत त्यांनी ओली पोती टांगली आणि मधे फळ्या सपाट ठेवल्या. नवे तंबोरे ते त्याच खोलीत निजवतात. शुक्रवार गेला, शनिवार गेला. आम्ही सासुरवाडीत जेवून दिवसातून चारदा फळ्यांचा समाचार घ्यायला जात होतो, दवाखान्यात जातात तसे. शनिवारी संध्याकाळी पोक उतरले.

रविवारी सकाळी त्यांनी मेलेला सरस कोमट ओल्या फडक्याने काढायला घेतला. आता मला खरे सांगायला हवे. त्या क्षणी मी देवाला नवस बोललो, की या कडेवर, सांध्याच्या पोटात, चिताऱ्याची सही निघू दे. पाचशे वर्षे पंडितांना न सापडलेले नाव मिरजेत सांगलीच्या ड्रॉइंग मास्तराला सापडले! मनात मी भाषणाचे पहिले वाक्यही जुळवले होते.

आणि खरेच काहीतरी दिसले. दोन्ही कडांवर चाकूने कोरलेल्या तीन तिरक्या रेघा.

"ही सही!" मी ओरडलो.

इमामभाईंनी कोपऱ्यातला अर्धा तंबोरा उचलला, गळा आणि भोपळा जिथे भेटतात ती जागा दाखवली. तिथेही तीन तिरक्या रेघा. "जोडखूण. कुठली कड कुठल्या कडेला, ते विसरू नये म्हणून. माझा बाप हेच करायचा." त्यांनी संतिणीच्या फळीवरून अंगठा फिरवला, आणि पहिल्यांदाच फळी उलटी करून चित्र नीट पाहिले. पुष्कळ वेळ. "सुतार चांगला होता," ते म्हणाले. मग फळी सपाट ठेवून, "रंगारीसुद्धा बरा होता."

सरस पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून तापवला. खुणेला खूण मिळवली. भोवती सुतळीचे वेढे, वेढ्यांत काड्या, आणि एकेक काडी अर्धा पीळ. तंबोऱ्याच्या तारा लावाव्यात तसा ते प्रत्येक पिळाला कान देत होते. डबीतला टवका त्यांनी सुईच्या टोकाने जागच्या जागी बसवला. मी श्वास रोखून धरला होता, कारण कुटुंबाने तशी ताकीद दिली होती.

सोमवारी निघायचे होते. इमामभाई म्हणाले, "अजून एक दिवस." मंगळवारी मिसबाई येणार, म्हटले. ते म्हणाले, "मग मंगळवारी पहाटे न्या. सरसाला तुमचं वेळापत्रक ठाऊक नाही."

पसरणीचा घाट

मंगळवारी दुपारी वाठारला उतरलो. मिसबाईंच्या आधी पोचून चित्र टांगायचे, मग कबुली द्यायची, असा बेत. गाडीत कबुलीचे इंग्रजी पाठ केले होते, कारण अपराध इंग्रजीत जरा सभ्य वाटतो. मोटारीत मागच्या बाकड्यावर गोधडी मांडीवर घेऊन बसलो, तोच पुण्याची गाडी आली आणि दोन मिनिटांनी काळा चष्मा लावलेल्या मिसबाई मोटारीत चढल्या.

"आगं बया! मास्तर, तुमी हितं? सरका."

आणि त्या माझ्या शेजारी बसल्या. गोधडी त्यांच्या गुडघ्याला टेकली. "ही तर हौसाची वाकळ. हिच्यात काय हाय?"

"फळी," मी म्हणालो. इंग्रजी सगळे वाठारच्या फलाटावर राहिले होते.

"जड असंल. द्या, येक टोक मी धरती."

वाईपर्यंत त्यांनी ते टोक धरले. मला डोळ्यांच्या डॉक्टरांची हकीकत सांगितली, पुण्याच्या भाज्यांना नावे ठेवली. कुटुंब माझ्या बरगडीत कोपराने ढोसत होते. मी प्रत्येक मैलाच्या दगडाला ठरवत होतो, पुढच्या दगडाला सांगू.

घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर गॅसच्या शेगडीने मान टाकली. "गडीमानसं खाली उतरा! ढकला!" कंडक्टर ओरडला. मी हलेना. "ओ चष्मेवालं, तुमी बी!"

गोधडी दोघींच्या मांडीवर देऊन मी उतरलो. मोटारीला छाती लावून ढकलत असताना मागच्या काचेतून मला दिसले: मिसबाईंनी काळा चष्मा काढला, गोधडीची गाठ सोडली, आणि कुटुंब त्यांच्याशी बोलू लागले. मी इतक्या जोराने ढकलले की मोटार चालू झाली आणि सर्वांनी माझी तारीफ केली. मी धावत जाऊन चढलो. मोटार पुढे गेली असती तर बरे, असेही वाटून गेले.

चित्र उघडे होते. मिसबाई फळीच्या पाठीवरून अंगठा फिरवत होत्या, वरून खाली, खालून वर.

"मिसबाई," मी म्हणालो, "ऊन मी दाखवलं. माझी चूक."

"सांगितलं ह्यांनी." त्यांनी वर पाहिलेच नाही. "दर साली थंडी लागली की ह्यो सांधा राती टकटक वाजायचा. बाप वारल्यापासनं. मी उठून बसायची. कुनाला दावू? हात लावला न् सुटला म्हंजी?" त्या फळी कानाशी नेऊन थांबल्या. मोटार धडधडत होती, ऐकू काय येणार! पण त्यांचे खांदे हळूच खाली आले. मग त्या हसल्या. "आता गप हाय. कुनी जोडलं?"

"मिरजेचे इमामभाई."

"लिवा त्येंचं नाव हितं. पाठीवर. चिताऱ्याचं न्हाई ऱ्हायलं, जोडनाऱ्याचं तरी ऱ्हावं."

मी कंडक्टरकडून त्याची जांभळी पेन्सिल मागून घेतली. जिभेला लावून लिहिले की जन्मात पुसत नाही, ती. हलत्या मोटारीत, जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिले: 'सांधा सुटला, तो मिरजेच्या इमामभाईंनी जोडला.' आणि पेन्सिल परत करायला हात पुढे केला.

"सांधा सुटला कशानं, त्ये?" मिसबाई म्हणाल्या.

मी लिहिले: 'ऊन लागल्यामुळे.'

"कुनी लावलं?"

मी घाटाकडे पाहू लागलो. वाई फार सुंदर दिसत होती.

कुटुंबाने माझ्या हातातून पेन्सिल घेतली. लग्नाला बावीस वर्षे झाली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माझे नाव तिने या बावीस वर्षांत तोंडातून काढले नव्हते, पोस्टमनने विचारले तरी शेजारणीला पुढे करायची. तिने पेन्सिलीचे टोक जिभेला लावले, पदर सावरला, फळी मिसबाईंच्या गुडघ्यावर घट्ट धरायला सांगितली, आणि चौथीच्या वर्गात गिरवलेल्या गोल, ठसठशीत अक्षरात माझे संपूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि खाली 'ड्रॉइंग मास्तर, सांगली'. लिहून झाल्यावर एकदा मनाशी वाचून पाहिले. तिची जीभ जांभळी झाली होती.